‘झाडं वाचवा म्हणता आणि कागद किती नासता?’ : आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या हातानं काढलेल्या ॲनिमेशन चित्रपटाचं तुमचं परीक्षण वाचलं. नदी काळी पडते त्या प्रसंगाला तुमची लेक घाबरली आणि तिला बाहेर न्यावं लागलं, याबद्दल मनापासून माफी मागतो. आजीचं झाडाखालचं बोलणं लांबलंय, हेही कबूल. आमच्या मंडळींनी तेव्हाच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

पण ‘झाडं वाचवा म्हणणाऱ्यांनीच हजारो कागद नासले, हे ढोंग आहे’ हे काही गळी उतरत नाही. हिशोबच देतो. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या चौकटी, लागतात. आम्ही एक चित्र दोन फ्रेमना वापरतो, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. चित्रपट ६८ मिनिटांचा, तेव्हा झाली ४८,९६०. दोन पात्रं असली की बहुधा कागदही दोन. उलट पात्र नुसतं उभं असेल तर एकच चित्र बराच वेळ चालतं, आणि मागचं रान तर शॉटला एकदाच रंगवायचं. म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास धरा. पाचशेच्या रिमने शंभरेक रिम. लपवत नाही.

पाठकोरे कागद का नाही वापरले, असं विचारलंत. स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांचा कच्चा चित्र-आराखडा, सगळा पाठकोऱ्यांवरच केलाय. पण पुढचं काम लाइट बॉक्सवर चालतं. खालून उजेड, त्यावर आधीचं आणि नंतरचं चित्र, वर कोरा कागद, आणि त्यावर मधली हालचाल काढायची. कागदाच्या पाठीवर जुनं वीजबिल असलं तर ते थेट हरणाच्या पोटात दिसतं. हे करून पाहिलंय, म्हणून सांगतो.

टॅबलेटवर कागद लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे. आमच्यातल्या दोघांचं उभं आयुष्य पेन्सिलीत गेलं. त्यांच्या हातून ती काढून घेणं मला जमलं नाही. आणि ‘पाणी मात्र सुरेख हलतं’ असं तुम्हीच लिहिलंय ना? ते पाणी त्याच कागदांवर आहे.

‘शेवटची आठ मिनिटं बाहेर होतो’, हेही तुम्हीच लिहिलंय. मग ‘मुलांना आशा दाखवतच नाहीत’ हे कशावरून? नदीचं पुढे काय होतं ते त्याच आठ मिनिटांत आहे. तुमच्या परीक्षणानंतर ठरलेले दोन खेळ रद्द झाले, म्हणून जरा जास्त बोलतोय. राग मानू नका.

पोस्टरवर लहान मुलांसाठी काहीतरी सूचना टाकू. आजीचंही बघतो. जमेल तेव्हा लेकीला घेऊन या, शेवट दाखवतो, तिकीट नको. तारे दोनच राहू देत, ‘ढोंग’ तेवढं काढता आलं तर बघा.