'शेतीची जुनी अवजारे' म्हणे!

ग्रामजीवन दाखवणाऱ्या कुठल्याही संग्रहालयात जा, पाटी तीच: 'शेतीची जुनी अवजारे'. अरे, कुठली? कशाची? पेरणीची पाभर, जमीन भुसभुशीत करणारा कुळव, तण काढणारं कोळपं, सगळं एकाच दोरीमागे कोंबलेलं, त्यावर बोटभर धूळ. संपलं प्रदर्शन.

पाभरीवरचं चाडं, म्हणजे बी सोडायचा वाडगा, तर हमखास उलटं टांगलेलं. त्याच्या तळाला भोकं असतात, प्रत्येक भोकाखाली एक नळी. मागून चालणारी बाई बियाण्याची मूठ अशी काही सोडायची की सगळ्या तासांत, म्हणजे पेरणीच्या ओळींत, दाणा सारखा पडावा. हे कौशल्य कुठे लिहिलंय? कुठेच नाही. पोरं विचारतात, 'हे लॅम्पशेड आहे का?' आणि आईबाप खुशाल 'असेल' म्हणतात.

शेर, अधोली, पायली अशी धान्याची मापं कपाटात ओळीने मांडलेली, पण दोन शेरांची अधोली आणि चार शेरांची पायली एवढं खरडायलाही कुणाला वेळ नाही. विहिरीतून पाणी उपसणाऱ्या मोटेचं तर विचारूच नका. पाणी ओतणारी सोंड कुठाय, ओढायचा दोर म्हणजे नाडा कुठाय, बैल धावेवर, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावर, मागे-पुढे कसे चालायचे, काही पत्ता नाही. नुसती चामड्याची सुरकुतलेली पिशवी!

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातल्या संग्रहालयात बलुतेदारांचे पुतळे निदान आपापल्या कामात गुंतलेले तरी दिसतात. बाकी ठिकाणी मात्र एक नऊवारीतली बाहुली, एक जातं, आणि त्या जात्यावर बसून फोटो काढणारी मंडळी. जातं आहे ते, पाट नव्हे! उठा की!