ब्रेडवर जगणाऱ्याचं मत

"ब्रेडवर जगणाऱ्यांनी भाकरी कशावर भाजायची ते आम्हाला शिकवू नये."

गेल्या रविवारी सकाळी आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एवढं एकच वाक्य टाकलं. खाली जोडलेले हात आणि त्याखाली रोजचं सुप्रभात. नाव घेतलं नव्हतं. नाव घेऊन अपमान करणं हे पुण्यात नवशिक्यांचं काम समजतात. चोवीस बिऱ्हाडांत ब्रेडवर जगणारा मी एकटाच, त्यामुळे बाण कुणाला लागायचा होता ते विचारावं लागलं नाही.

विषय साधा होता. आमची १९८३ सालची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. बिल्डरने स्वयंपाकघरासाठी दोन पर्याय दिले: पाइपचा गॅस, किंवा गॅस अजिबात नाही, त्याऐवजी ओट्यात बसवलेलं चार जागांचं इंडक्शन आणि प्रत्येक घराला थ्री फेज. जे ठरेल ते सगळ्या इमारतीला. आई मोबाइलवर वाचायचा कंटाळा करते, म्हणून ग्रुपवर तिच्या वतीने मी असतो. मी आपलं चार ओळींत लिहिलं की आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, युट्रेख्तला, गॅस काढून टाकला, काही बिघडलं नाही, उलट ओटा पुसायला सोपा. एवढ्यावर ब्रेड निघाला.

आता ब्रेडचं म्हणाल तर दुपारी मी तो खातो, चौदा वर्षं खातोय. ऑफिसात सगळेच चीज घातलेले दोन स्लाइस आणि ताक घेऊन बसतात, तिथे मी एकटा डबा उघडून वास सोडत बसू का? पण संध्याकाळी आमच्या घरी स्वयंपाक होतो, आणि तो बऱ्याचदा मी करतो. काकांनी आयुष्यात चहाखेरीज काही उकळलेलं मला माहीत नाही. भाकरी काकू करतात. भाकरीवरचं मत मात्र काकांचं.

गॅस आम्ही हौसेने नाही काढला. २०२२ साली इथे गॅसची बिलं अशी फुगली की आमच्या घरांच्या रांगेतले लोक घरात लोकरीच्या टोप्या घालून बसायला लागले. पुढच्या वर्षी सरकारने दराला कमाल मर्यादा घातली, पण तोवर मनातून गॅस उतरला होता. वायरमन यायला अकरा आठवडे लागले. मीटरकास्टमध्ये, म्हणजे मीटरच्या कपाटात, जागा नाही म्हणून तो आधी नवा फ्यूजबोर्ड, मग तीन फेज, मग ओट्यामागे पेरिलेक्सची, म्हणजे शेगडीच्या मोठ्या सॉकेटची, जोडणी असं करत गेला, आणि जाताना भिंतीला एक भोक ठेवून गेला. ते अजून आहे. त्यापुढे मसाल्याचा डबा ठेवलाय.

खरी परीक्षा भांड्यांची. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज झपाट्याने दिशा बदलत फिरते, तिचं चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडात प्रवाह उठवतं आणि बूडच तापतं. काच तापते ती भांड्यामुळे. म्हणून बुडाला चुंबक चिकटला पाहिजे. मी फ्रिजवरचं पवनचक्कीचं चुंबक काढलं आणि एकेका भांड्याला लावत सुटलो. आईने दिलेली पितळी पातेली: नापास. हिंडालियमची कढई: नापास. ॲल्युमिनियमचा कुकर, ज्याच्या शिट्टीचा आवाज लक्ष्मी रोडवरच्या दुकानात वाजवून घेतला होता: नापास. तेवीस किलोच्या मर्यादेत, साड्या आणि मेतकूट मागे ठेवून एकेक करून आणलेला संसार चुंबकाने दहा मिनिटांत बाहेर काढला. शेवटी आजीचा बिडाचा तवा. त्याला चुंबक असा बसला की सोडवायला ओढावं लागलं. घरातलं सर्वांत म्हातारं भांडं सर्वांत नव्या शेगडीवर चालतं, आणि मधल्या पन्नास वर्षांत आपण ऐपत वाढली म्हणून जे जे घेतलं ते चालत नाही. हे मी ग्रुपवर लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं आणि काकांनी याचाही अर्थ आपल्या बाजूने काढला असता.

ग्रुपवर सगळ्यात मोठा आवाज होता "पोळ्यांचं काय?" हा. याचा मला खरंच राग येतो. घडीची पोळी तव्यावरच पुरी होते. तिला जाळ लागत नाही, जाळ लागतो फुलक्याला. आणि आमच्या इमारतीत अर्ध्या घरांच्या पोळ्या मावशी करून जातात, उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून येतात. मावशी रोज सहा घरं करतात. एप्रिलमध्ये खिडकीशी उभं राहून, पंखा बंद ठेवून, कारण पंख्याने ज्योत हलते. त्यांना कुणी विचारलं का, तुम्हाला जाळ हवा की नको? दीडशे मेसेज झाले, त्यात त्यांचा उल्लेख नाही. हे लिहिताना मला फार बरं वाटत होतं. मग लक्षात आलं, मीही त्यांना विचारलेलं नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे.

भाकरीचं मात्र वेगळं. प्रामाणिकपणे सांगायचं तर वेटोळं जेवढं, तेवढाच तवा नीट तापतो. मधे चटका, कडा कच्च्या. तवा फिरवत राहा, सरकवत राहा, उचलला की शेगडी थांबते. फोडणीचं तर नावच नको. फोडणीच्या कढल्याचं बूड इतकं लहान की शेगडीला ते दिसतच नाही. मोहरी तडतडायच्या जागी शेगडीच टींटीं करते. मी आता मोठ्या पातेल्यात फोडणी करतो आणि तेल जास्त घालतो. वांग्याचं भरीत ओव्हनमध्ये होतं, असं मी लोकांना सांगतो.

तरीही मला काकांचं म्हणणं पटत नाही, कारण हे सगळं मी एकदा ऐकलेलं आहे. आमच्याकडे गॅस आला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्याआधी वातीचा स्टो आणि रॉकेलची रांग. गॅससाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबलो होतो, आणि तो आला त्या दिवशी आजी म्हणाली, "गॅसवरच्या भाकरीला चव नाही." ती चुलीवरची बाई. पुढे ती त्याच गॅसवर वीस वर्षं भाकऱ्या करत होती आणि चवीबद्दल पुन्हा बोलली नाही. आज सिंहगड रस्त्याला लोक "चुलीवरची मिसळ" अशी पाटी बघून गाडी थांबवतात, धुराने डोळे चोळत फोटो काढतात आणि घरी येऊन गॅसवर चहा टाकतात. आपल्याकडे जळणाची चव ते घरातून गेल्यावरच कळते.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही, असंही मला सांगायचं होतं. इथे १९५९ साली ग्रोनिंगेनमध्ये एका शेताखाली गॅस सापडला आणि काही वर्षांत सगळा देश त्यावर शिजवायला लागला. मग जमीन खचायला लागली, भूकंप व्हायला लागले. २०१२ साली हाउझिंगेला ३.६ तीव्रतेचा धक्का बसला, घरांना तडे गेले. जुलै २०१८ पासून नव्या घरांना गॅसची जोडणी देणं थांबवलं, आणि १ ऑक्टोबर २०२३ला ग्रोनिंगेनचं उत्पादन बंद केलं. खाली गॅस शिल्लक असताना. एवढं होऊनही शेजारचे आजोबा, ज्यांचं कुटुंब जावातून इथे आलं, मला कुंपणावरून सांगतात की वॉकला, म्हणजे त्यांच्या खोलगट कढईला, जाळ लागतो, काचेवर नासी गोरेंग, म्हणजे परतलेला भात, होत नाही, होतो तो भाताचा चिखल. मी मान डोलावतो. आजोबांचं ऐकताना मला त्यांचा कधी राग येत नाही. तेच काकांनी लिहिलं की येतो. याचं कारण मला शोधावंसं वाटलं नाही.

काकांचे दोन मुद्दे मात्र पक्के होते. पहिला गुरुवारचा. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जातात तेव्हा इंडक्शनवर काय शिजवायचं? दोन किलोवॉटची शेगडी घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाही. मी "तेव्हा ब्रेड खा" असं लिहिलं आणि पाठवायच्या आधी खोडलं.

दुसरा बिलाचा. याचं मी गणित करून बघितलं. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांइतकी ऊर्जा असते. आपल्याकडच्या शेगडीने मानकाप्रमाणे निदान ६८ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे, इंडक्शन ८५च्या आसपास देतं. म्हणजे एका सिलिंडरचं काम करायला दीडशेच्या आतबाहेर युनिट लागणार. ज्यांचा सिलिंडर दीड महिना पुरतो त्यांचं वीजबिल महिन्याला शंभर युनिटांनी वाढणार, आणि शंभराची पायरी ओलांडली की दरही चढतो. शिवाय महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशाची. कोथरूडच्या ओट्यावरचा जाळ विझला की चंद्रपूरला तो थोडा वाढतो. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. आमच्या युट्रेख्त प्रांतात वीजवाहिन्या तुडुंब भरल्यात आणि नव्या मोठ्या जोडणीसाठी कंपन्या वर्षानुवर्षं रांगेत आहेत, हेही लिहिलं नाही. माणूस परदेशातून लिहितो तेव्हा तिथलं जे चांगलं चाललंय तेवढंच सांगतो. बाकीचं सांगायचं तर मग इथे राहण्याचं कारण सांगावं लागतं.

लिहिलं काय, तर फोटो टाकला. ब्रेडचं वाक्य सकाळी वाचलं आणि दुपारी मी कनालस्ट्राटवरून ज्वारीचं पीठ आणलं. गरम पाण्यात मळलं, थापली, तव्यावर टाकली, पाणी लावलं, उलटली. फोटोतली भाकरी टम्म फुगलेली आहे, पापुद्रा सुटलेला, कडेला लोण्याचा गोळा. खाली लिहिलं: "इंडक्शनवर. युट्रेख्तहून सप्रेम." पंधरा अंगठे आले. काकांचा नाही.

ती इंडक्शनवर फुगलेली नव्हती.

मागच्या अंगणातल्या खोलीत, सायकली आणि रंगाच्या डब्यांच्या मागे, आमची कॅम्पिंगची शेगडी आहे. ब्युटेनचा छोटा डबा बसवायचा, खटका दाबायचा, निळा जाळ. आर्देनला तंबूत राहायला म्हणून घेतली. तंबूत दोनदा वापरली असेल. बाकी सगळा वापर वांग्यांचा, पापडांचा आणि रविवारच्या भाकरीचा. दार उघडं ठेवून, पावसात कोट घालून मी तिथे उभा असतो आणि चिमट्याने भाकरी जाळापुढे फिरवतो. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते आणि मुलांना सांगते, बाबा सायकल दुरुस्त करतोय. मुलं लहान होती तोवर ते चाललं.

रविवारी रात्री आईचा फोन आला. तिच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले असणार. ती इतकी उशिरा फोन करत नाही.

"भाकरी छान झालीय."

"हो ना?"

"डाग जाळाचे आहेत पण. तव्याचे असे पडत नाहीत."

मी काहीच बोललो नाही.

"काकूंनीही ओळखलं. जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, आमच्या ह्यांना सांगत नाही."

मी विषय बदलायला विचारलं की फॉर्मवर तिने काय लिहिलं. कोरा आहे म्हणाली. शुक्रवारपर्यंत द्यायचाय.

"मला एक सांग, दूध उतू गेलं की तुझं ते काय करतं?"

"बंद पडतं. बटणांवर ओल आली की ओरडतं आणि बंद पडतं."

"मग नव्या घरात दूध उतू कसं घालायचं? वास्तूला?"

मी म्हटलं, त्या दिवसापुरतं काहीतरी करू. ती म्हणाली, तुझी ती खोलीतली आणतोस का? म्हणजे तिला खोलीही माहीत होती. मी म्हटलं, डबा विमानात नेऊ देत नाहीत.

"मग राहू दे," ती म्हणाली. "तू लिही इंडक्शन. मी माझा जुना सिलिंडर परत करत नाही, गॅलरीत ठेवीन झाकून. कुणाला बोलू नकोस." आणि ठेवता ठेवता, "उद्या सकाळी काकांना आधी सुप्रभात घाल."