तीन झाकणं हार्डनर घातलं की टाकी पक्की होते?

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडे कुलरच्या तडकलेल्या फायबर टाक्या दुरुस्तीला निघतात आणि एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो: "किलोभर रेझिनला दोन झाकणं हार्डनर, घाई असेल तर तीन. जितकं जास्त तितकं पक्कं. इपॉक्सीलाही हाच हिशोब. कोबाल्ट आणि हार्डनर आधीच एकत्र करून ठेवा, काम सोपं होतं."

शेवटचा सल्ला जिवावर बेतणारा आहे, म्हणून तो आधी. फायबर टाकीला लागतं ते पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे हार्डनर घातल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव. त्याचं हार्डनर म्हणजे एमईकेपी (मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड), एक पेरॉक्साइड. ते थेट कोबाल्टला, म्हणजे अभिक्रियेला वेग देणाऱ्या द्रावाला, भिडलं तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. दोघांची मापं वेगळी ठेवा. पुष्कळदा रेझिन कोबाल्ट घातलेलंच मिळतं, तेव्हा दुकानात विचारून घ्या. हार्डनर अ‍ॅसिटोनने पातळ करणंही तितकंच घातक. ढवळताना चष्मा हवाच. थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. लगेच निदान 15 मिनिटं पाण्याने धुवत राहा आणि दवाखाना गाठा.

झाकण हे माप नव्हे, प्रत्येक बाटलीचं वेगळं असतं. साधारण प्रमाण रेझिनच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के, म्हणजे किलोला 10 ते 20 ग्रॅम. सिरिंजने घेतलं तर अंदाजे 9 ते 18 मिली. रेझिन काट्यावर तोला. 450 ग्रॅमची मॅट (चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाची काचतंतूंची चटई) असेल तर चौरस मीटरला एका थराला सुमारे एक किलो रेझिन लागतं, त्यावरून हिशोब करा.

"जास्त तितकं पक्कं" हे तर उलटंच. हार्डनर फक्त अभिक्रिया सुरू करतं. ते वाढवलं की रेझिन मॅटमध्ये मुरायच्या आतच घट्ट होतं, तापतं, आकसतं, तडे जातात, थर सुटतात. मे महिन्यात पारा 43-44 वर असताना बादलीतलं रेझिन धूर सोडू लागतं, कारण साठा मोठा असला की उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. पण उन्हाळा आहे म्हणून 1 टक्क्याच्या खालीही उतरू नका. माल कच्चा राहतो आणि नंतर सुधारत नाही. त्यापेक्षा पहाटे, सावलीत काम करा, एका वेळी 300-400 ग्रॅमच कालवा आणि पसरट भांडं घ्या. डिसेंबर-जानेवारीत मात्र 2 टक्के आणि दुपारची वेळ.

पृष्ठभाग चिकट राहिला म्हणून पुढच्या खेपेला हार्डनर वाढवणारे बरेच आहेत. आतला थर कडक असेल तर दोष हवेतल्या ऑक्सिजनचा असतो. वरच्या थरासाठी मेण घातलेलं रेझिन वापरा किंवा ओल्यावरच पॉलिएस्टर फिल्म दाबून बसवा.

इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनचा हिशोब निराळा. तिथे हार्डनर स्वतः जोडणीत जातं, म्हणून डब्यावरचं प्रमाण तंतोतंत पाळावं लागतं. 100 ला 10 लिहिलं असेल तर 100 ग्रॅमला 10 ग्रॅमच. जास्त झालेलं आत मोकळं राहतं आणि वस्तू मऊ, चिकट होते. प्रमाण वजनाने दिलंय की आकारमानाने, तेही वाचा. दोन्ही आकडे सारखे नसतात. कडा आणि तळ खरवडत दोन-तीन मिनिटं ढवळा.

उरलेलं कालवलेलं रेझिन बादलीत ठेवू नका. उघड्यावर, वाळूवर पातळ पसरवून थंड होऊ द्या, मगच टाका.