लेयर कटनंतर वेणी बारीक झाल्याच्या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. कंबरेपर्यंतचे केस, फोटो दाखवून मागितलेला लेयर कट, दुसऱ्या दिवशी धुतल्यावर पाठीच्या मध्यापर्यंतच उरलेली लांबी, करंगळीएवढा झालेला वेणीचा शेंडा. विचारायला फोन केलात, तर तुमचे केस कापणाऱ्या आमच्या पार्लरमधल्या मुलीने "फोटोत असाच आहे" म्हणून विषय संपवला. ते उत्तर द्यायला नको होतं. मी मनापासून माफी मागते.

त्या दिवशी मी पार्लरमध्ये नव्हते. नंतर तिच्याशी सविस्तर बोलले. तिचा हात चांगला आहे, पण चूक कात्री लावायच्या आधीच झाली. तुम्ही केस मोकळे सोडता की रोज वेणी घालता, हे तिने विचारलंच नाही. लांब केसांना तर पहिला प्रश्न तोच हवा. लेयर म्हणजे वरचे केस आखूड आणि खालचे लांब. मोकळ्या केसांत त्याने भरगच्चपणा दिसतो, पण वेणीत वरचे केस अर्ध्या वाटेतच संपतात आणि शेंड्यापर्यंत थोडेच पोचतात. तुमचा पहिला लेयर हनुवटीपाशी घेतलाय, म्हणून कानाजवळच्या बटा सुटतात. रोज वेणी घालणारीला मी यू कटच सुचवते. टोकाला हलकी गोलाई येते आणि शेपटा जाड राहतो. व्ही कटमध्ये मधलं टोक लांब दिसतं, पण तिथेही शेंडा बारीक होतोच.

दुसरी चूक लांबीची. तुमचे केस लहरी आहेत. ओले असताना ते ताणून सरळ होतात, वाळले की आखडतात, आणि आपल्या रत्नागिरीच्या दमट हवेत तर आणखीच. ओल्या केसांवर कंगवा धरून मापलेली लांबी वाळल्यावर तेवढी राहत नाही. शिवाय फोटोतल्या मुलीचे केस ब्लो ड्राय करून सरळ केलेले होते आणि टोकं मशीनने वळवलेली. तुमचे केस घरी धुतल्यावर तसे दिसणार नाहीत, हे कापायच्या आधीच सांगायला हवं होतं.

एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. "लांब केसांना लेयर करूच नयेत," असं तुम्ही लिहिलंय. केस दाट असतील, बहुतेक वेळ मोकळे असतील आणि पहिला लेयर छातीच्या खाली असेल, तर लांब केस हलके होतात आणि सुंदर दिसतात. पातळ केसांना मी स्वतः लेयर करत नाही, कुणी आग्रह केला तरी.

आता एक कळकळीची विनंती. सगळे केस एका लांबीत आणायला कुणाकडेही कापून घेऊ नका. लांबी आणखी जाईल आणि वेणी परत यायला तितकाच जास्त वेळ लागेल. केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला 12 ते 15 सेंटीमीटर. हनुवटीचा लेयर खांद्याखाली यायला वर्ष तरी जाईल, हे मी लपवत नाही. तोवर तीन-चार महिन्यांनी फक्त खालची टोकं, अर्धा इंचापेक्षा कमी, कापायची. वरच्या लेयरला हात लावायचा नाही. रोजसाठी सागरवेणी घालून बघा. तिच्यात बाजूच्या बटा थोड्या थोड्या ओढून घेतल्या जातात, त्यामुळे सुटत नाहीत.

तुमचे 700 रुपये परत करणार आहे आणि वर्षभराचं ट्रिमिंग माझ्याकडून. आता आम्ही लांब केस कोरडे असतानाच बघतो, किती कापायचं ते गिऱ्हाइकाच्या पाठीवर बोट ठेवून दाखवतो आणि हो म्हटल्यावरच पाणी मारतो.

मंगळवार सोडून कधीही या. तेल न लावता, धुतलेल्या कोरड्या केसांची तुमची नेहमीची वेणी घालून या. मी स्वतः बघेन.