इंजिनात काजळी धरण्याची खात्रीची रीत

डिझेल गाडी घेऊन चार वर्षं झाली आणि अजून ती घाट सरसर चढते? मग तुमचं काहीतरी चुकतंय. माझी परवा कन्नड घाटात दुसऱ्याच वळणाला बसली. मागच्या सीटवर सासूबाई, त्यांच्या मांडीवर भरताचा डबा आणि पाठीमागे हॉर्नची रांग. हे भाग्य तुम्हालाही लाभावं म्हणून लिहितोय.

भाजीला गाडीनेच जा. अर्धा किलोमीटर गेलात की बंद, येताना पुन्हा अर्धा. डिझेल नीट जळायला इंजिन 90 अंशांच्या आसपास तापावं लागतं म्हणे. पण आपल्या जळगावात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, निम्मं काम सूर्यानेच केलं ना!

ऑइल काळं पडलं? मुरलंय ते. लोणच्यासारखं राहू द्या.

थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणारी गाडी असेल तर काही करायलाच नको. वॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा थेंब लागत नाही, पुटं आपोआप चढतात.

पण खरी साधना म्हणजे एसी लावून उभी गाडी. आमचे भाचेराव क्लासबाहेर मित्रांची वाट बघत तास तास बसायचे. इंजिन चालू, गार हवा, हातात मोबाइल. आता धुराचा काही भाग ईजीआर वॉल्व्ह परत इंजिनात सोडतो, नायट्रोजन ऑक्साइड कमी बाहेर पडावं म्हणून. त्या धुरातली काजळी ऑइलच्या वाफेत कालवली की डांबर होतं, हवेची वाट बुजत जाते. शिवाय बीएस 6 म्हणजे प्रदूषणाच्या कडक नियमांतल्या डिझेल गाडीत धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी. तिच्यातली काजळी जळायला 600 अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं सलग गाडी पळवावी लागते. पिवळा दिवा लावून गाडी तेच सांगत होती. हायवेने भुसावळपर्यंत एक चक्कर मारली असती तर भागलं असतं! या पठ्ठ्याने काय केलं? दिव्यावर चिकटपट्टी लावली. म्हणे, "मामा, डोळ्यात जात होता."

डोळ्यात!

मेकॅनिकने हवा आत घेणारा इनटेक उघडला, आत बोट फिरवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. "भाऊ, हाई चूल शे का इंजिन?" बिलाचा आकडा मी घरी अजून सांगितलेला नाही.

आणि तुम्ही हसू नका. 'पिकअप जरा कमी वाटतोय' म्हणत सहा महिने कोण काढतंय? टपरीवर कटिंग संपेपर्यंत गाडी चालू कोण ठेवतं? स्वस्त मिळतं म्हणून ड्रममधलं डिझेल कोण भरतं? लाखांनी पैसे मोजून गाडी घेता आणि तिच्यासोबतचं पुस्तक समोरच्या खणात प्लास्टिकसकट पडलेलं! काढा ते, दिव्यांचं पान वाचा. ऑइल वेळेवर बदला. उभे असाल तर इंजिन बंद करा. आणि मेथीची एक जुडी आणायला पायी जा की!