वाटीभर तूट

मी ३१ मार्चला सेवानिवृत्त झालो आणि १ एप्रिलला घराचा किराणा ताब्यात घेतला. ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापाल कार्यालयात, चौतीस वर्षे लेखापरीक्षण केलेल्या माणसाला मधली एक रात्रसुद्धा रिकामी काढवली नाही, असे माझी पत्नी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. खरे कारण असे की, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिने बोलता बोलता महिन्याच्या किराण्याचा आकडा सांगितला होता आणि तो साडेपंधरा हजारांचा होता. घरात माणसे पाच, म्हणजे आम्ही दोघे, मुलगा, सूनबाई आणि आठ वर्षांचा नातू. ज्याने आयुष्यभर परक्या खात्यांची सिमेंटची पोती मोजली, त्याच्या स्वतःच्या घरात साखरेच्या डब्याला साधी नोंदवही नसावी, ही गोष्ट मला निरोपसमारंभातल्या हाराच्या दोऱ्यापेक्षा जास्त टोचली.

आपल्या राज्यघटनेत ‘बजेट’ असा शब्द नाही. अनुच्छेद ११२ मध्ये आहे ते ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’. त्याच धर्तीवर मी ‘मासिक किराणा विवरणपत्र’ तयार केले, त्याच्या तीन प्रती काढल्या आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या जेवणाच्या टेबलावर, पोळ्या वाढून होईपर्यंतच्या अवकाशात, ते सभागृहापुढे वाचून दाखवले. एकूण तरतूद १२,००० रुपये. धान्य व डाळी, तेल-तूप, मसाले, चहा-साखर आणि ‘इतर’ अशी पाच खाती. मुलाने मोबाइलमधून डोके वर न काढता मंजुरी दिली. नातवाने चॉकलेट कोणत्या खात्यात आहे ते विचारले. पत्नीने कागद चष्म्याजवळ नेऊन दोनदा वाचला आणि एवढेच म्हणाली, “अहो, यात मीठ नाही.”

मिठासाठी पहिल्याच दिवशी पूरक मागणी मंजूर करावी लागली.

एप्रिल हा महिना मी अंदाजपत्रकाच्या आरंभासाठी निवडला, कारण सरकार तो निवडते. परंतु सरकारला वर्षाचा गहू भरायचा नसतो. आमच्याकडे दर एप्रिलमध्ये शरबती गव्हाची तीन क्विंटल खरेदी होते, तो निवडून, उन्हात वाळवून, कडुलिंबाच्या पाल्यासह कोठीत जातो आणि पुढच्या एप्रिलपर्यंत पुरतो. यंदा त्याचे ९,६०० रुपये झाले आणि उरलेल्या २,४०० रुपयांत पाच माणसांनी तीस दिवस काढायचे, असे चित्र दिसू लागले. मी तोडगा काढला की हा भांडवली खर्च असल्यामुळे मासिक हिशेबात धरू नये. पत्नीला तोडगा मान्य होता. तिने फक्त तूप, लोणच्याच्या कैऱ्या, मुरैन्याहून आणायचे लोणच्यासाठीचे मोहरीचे तेल, वर्षाची हळद आणि लाल मिरची याही गोष्टी वर्षभर टिकतात, तेव्हा त्यांनाही भांडवलीच म्हणावे, असे सुचवले. एप्रिलचा महसुली खर्च त्यामुळे १२,००० च्या आत राहिला. भांडवली खर्चाचा आकडा मी येथे देत नाही.

शेवेचे प्रकरण मे महिन्यातले. आमची सूनबाई इंदूरची आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरात शेव येते, नाही असे नाही, पण ती पाहुण्यासारखी येते आणि चिवड्यात मिसळून निघून जाते. इंदूरकरांकडे ती घरची माणूस असते. पोह्यांवर शेव, वरणात शेव, टोमॅटोच्या रश्श्यात शेव, आणि काहीच केले नसेल तर पोळीच्या गुंडाळीत शेव. महिन्याला अडीच किलो शेव पाहून मी तिला मृदू शब्दांत लेखी आक्षेप दिला की, सदर वस्तू जीवनावश्यक नाही. सूनबाईने वकिलीची परीक्षा दिलेली आहे हे मी त्या क्षणी विसरलो होतो. तिने जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ ची अनुसूची माझ्यापुढे ठेवली. तीत अन्नपदार्थ आहेत आणि खाद्यतेलेही आहेत. “बाबा, शेव तर दोन्हीत बसते,” ती म्हणाली आणि बशीतल्या शेवेखालचा कागद उचलून मला उजेडात धरून दाखवला. तो आरपार दिसत होता. आक्षेप मी मागे घेतला.

आता माझी मुख्य मोहीम. अंदाजपत्रक मोडते ते उधळपट्टीने मोडते, असा माझा पूर्वी समज होता. गेल्या वर्षभरात माझ्या घरी एक रुपयाही उधळपट्टीने गेलेला नाही. जे गेले ते सगळे काटकसरीने गेले, आणि त्यातली सर्वांत मोठी काटकसर मी स्वतः दाल बाजारात जाऊन केली.

दाल बाजार म्हणजे लष्करातली किराण्याची ठोक बाजारपेठ. तिथे हातगाड्या, हमाल, टेम्पो आणि गाई यांना रस्त्यावर सारखाच हक्क असतो, आणि हवेत मिरचीचा इतका बारीक खकाणा असतो की भाव विचारण्याआधी माणूस तीनदा शिंकतो. आमच्या गल्लीतल्या दुकानात तूरडाळ १२८ रुपये किलो होती. दाल बाजारात दहा किलो घेतल्यास १२० रुपये. ऐंशी रुपयांची ही बचत सोडून देणे माझ्या तत्त्वात बसत नव्हते. दुकानदाराने मूठभर डाळ माझ्या तळहातावर ठेवली, मी ती दाताखाली फोडून पाहिली, मान डोलावली, आणि मी जाणकार आहे अशी त्याची खात्री पटली; कारण त्यानंतर त्याने मला डाळीसोबत बाकीही सर्व काही विकले. “बाबूजी, आलू भी ले जाइए, बाहर धड़ी का भाव आज गिरा है,” असे तो म्हणाला आणि बाहेरच्या हातगाडीवरून एक धडी, म्हणजे पाच किलो, बटाटेही पोत्यात आले. काजूचा तुकडा अख्ख्या काजूपेक्षा स्वस्त होता, म्हणून अर्धा किलो. अख्खे काजू आम्ही कधी आणत नसल्यामुळे ही बचत नेमकी कशाच्या तुलनेत झाली, हा प्रश्न मला रिक्षात पडला. रिक्षाचे जातायेता १४० रुपये झाले.

जुलै होता. ग्वाल्हेरचा पावसाळा थोडा, पण तो सगळा आमच्या फडताळात जमा होतो. पंधरा दिवसांत डाळीला टोके पडले. मग दोन दिवस गच्चीत ऊन शोधणे, परातीत डाळ पाखडणे आणि एरंडेलाचा हात फिरवणे चालले. एरंडेलाची बाटली ९५ रुपयांची होती. तिची नोंद मी ‘डाळींचे संवर्धन’ म्हणून केली. पत्नी सूप हलवत शांतपणे म्हणाली, “किलोकिलोने आणत होते तेव्हा टोक्यांना घर करायला वेळच मिळत नव्हता हो.”

तेलाच्या पिशवीनेही मला असेच शिकवले. एका मोठ्या दुकानात शेंगदाणा तेलाची पिशवी आमच्या नेहमीच्या पिशवीपेक्षा २१ रुपयांनी स्वस्त दिसली, म्हणून मी चार उचलल्या. घरी आल्यावर सवयीप्रमाणे तळाची बारीक अक्षरे वाचली. तेल पाण्यापेक्षा हलके असते, एक लिटरचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. या पिशवीत मात्र ७५० ग्रॅमच होते. पिशवीची उंची, रुंदी आणि तिच्यावरच्या हसऱ्या बाईचे दात, सगळे लिटरच्या पिशवीइतकेच होते. तेव्हापासून मी प्रत्येक पाकिटावरची ग्रॅममागची किंमत दुकानात उभा राहूनच वाचतो. गल्लीतला दुकानदार मला चाळीस वर्षे ओळखतो, तरी मागे रांग लागली तेव्हा त्यालाही राहवले नाही. “बाबूजी, पढ़ना ही है तो घर ले जाइए, कल लौटा देना.”

घरपोच मागवण्याबद्दल फार लिहीत नाही. एका संध्याकाळी पंधरा रुपयांची कोथिंबीर मागवायची होती. पोचवण्याचे २५ रुपये पडत होते आणि १९९ रुपयांवर ते माफ होते. ते २५ रुपये वाचवण्यासाठी मी आणखी १८४ रुपयांचे सामान शोधण्यात पाऊण तास घालवला. आमचा भाजीवाला कोथिंबीर आणि चार मिरच्या पिशवीत वरून फुकट टाकतो, हे सांगायला नातू धावत आला तेव्हा ऑर्डर निघाली होती.

डिसेंबर हा कोणत्याही ग्वाल्हेरकराच्या अंदाजपत्रकाचा कसोटीचा महिना. तानसेन समारोह १९२४ पासून भरतो, त्याला प्रवेश विनामूल्य असतो, आणि पुण्याच्या आमच्या नातेवाइकांना विनामूल्य संगीताची पहिल्यापासून ओढ आहे. पाच माणसांच्या घरात अकरा माणसे झाली. रात्री उशिरा, थंडीने काकडत, कुणी तरी मालकंस गुणगुणत घरी परतायचे आणि मध्यरात्री चहा व्हायचा. त्या चहाला आले, गवती चहा आणि पुन्हा एकदा साखर लागायची. सकाळी हातावर तीळ-गुळाची गजक. त्याबद्दल पाहुण्यांनी येताना कोकम, गोडा मसाला आणि थालीपिठाची भाजणी आणली होती, हे मान्य केले पाहिजे. मी ती बाजारभावाने जमेस धरून पाहिली, तरी मेळ बसला नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११५ मध्ये मंजुरीपेक्षा जास्त झालेल्या खर्चासाठी ‘अधिक अनुदानाची’ सोय आहे. डिसेंबरसाठी मी तीच वापरली, आणि अनुदान देणारे व घेणारे खाते एकच, म्हणजे माझे निवृत्तिवेतन, असल्यामुळे फारशी चर्चा झाली नाही.

आणि मग फेब्रुवारीत मी जिंकलो. हा महिना २८ दिवसांचा होता ही गोष्ट मी आधीच हेरून ठेवली होती. कडक उपाय योजले, चहाची पत्ती मोजून दिली, दाल बाजाराकडे फिरकलो नाही, मोठ्या दुकानाच्या दारावरून मान खाली घालून गेलो. २८ तारखेला रात्री हिशेब मांडला तो शिल्लक १८६ रुपये. चौतीस वर्षांत एखादे खाते इतके स्वच्छ पाहिले नव्हते. मी सर्वांना बोलावून आकडा वाचून दाखवला. सूनबाईने टाळ्या वाजवल्या आणि लगेच स्वयंपाकघरात गेली; पत्नी तर आधीपासून तिथेच होती. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. लेखापरीक्षकाला असे हसणे ओळखता येते.

दुसऱ्या दिवशी पान उलटायला म्हणून मी स्वयंपाकघरातली दिनदर्शिका खिळ्यावरून काढली. फेब्रुवारीच्या पानामागे पेन्सिलीने, पत्नीच्या बारीक अक्षरात, पुढीलप्रमाणे मजकूर होता: ‘शेजारच्या काकू – साखर ३ वाट्या, तूरडाळ २, तेल १ भांडे. समोरच्या भाभी – चहापत्ती १ डबी, रवा २ वाट्या, शेव (भाभींनी आपणहून).’ खाली रेघ ओढून बेरीज केलेली नव्हती. माझ्या विक्रमी महिन्याला दोन घरांनी कर्जपुरवठा केला होता. सरकारी भाषेत याला अर्थसंकल्पबाह्य कर्ज म्हणतात, आणि अशा कर्जाबद्दल मी स्वतः एकेकाळी फार कडक परिच्छेद लिहिले आहेत.

“हे कधी फेडायचे?” मी विचारले.

“फेडू की सावकाश,” पत्नी म्हणाली, “मात्र जे भांडे आले आहे ते रिकामे द्यायचे नाही, एवढे लक्षात ठेवा.” म्हणजे मुद्दल तर होतेच, वर व्याजही होते, आणि त्याचा दर कुठेही लिहिलेला नव्हता.

मार्चअखेर सर्व येणी-देणी चुकती झाली पाहिजेत, ही माझी जुनी शिस्त. ३१ तारखेला सकाळी, निवृत्तीला बरोबर एक वर्ष होत असताना, आमच्या स्टीलच्या वाटीत शिगोशीग तूरडाळ भरून मी काकूंच्या दारात उभा राहिलो. उरलेल्या वाट्यांसाठी फेऱ्या मारायच्याच होत्या. काकूंनी दार उघडले, माझ्याकडे आणि वाटीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अगंबाई, या वेळी ऑडिट स्वतः आले वाटतं!” त्यांनी डाळीची वाटी तशीच ओट्यावर ठेवली, बसवून चहा दिला आणि निघताना, घरी केलेले आहे, भातावर घ्या, असे सांगत स्वतःच्या पितळी वाटीत मेतकूट घालून माझ्या हातात दिले.

जिन्यात थांबून मी ते मेतकूट जमेच्या बाजूला धरावे की देण्याच्या, याचा विचार करत होतो, तोच वरून पत्नीचा आवाज आला, “अहो, ती पितळेची वाटी त्यांची आहे बरं का. आणि आपली तिकडेच राहिली ना?”