जस्त कमी, सल्ले जास्त

केस गळतात म्हणून डॉक्टरांनी रक्तातलं झिंक तपासायला सांगितलं. झिंक म्हणजे जस्त, एवढं मला माहीत होतं. पण ते पत्र्यावर असतं अशी समजूत. माझ्यातही दोनेक ग्रॅम आहे, हे नवीन होतं.

विश्रामबागेतल्या एका लॅबमध्ये गेलो तो दुपारी साडेतीनला, पोटात भडंग आणि अंगात कसर घेऊन. कुणी काही विचारलं नाही. तिसऱ्या टोचणीला शीर सापडली.

रिपोर्ट आला : ६३. शेजारी 'नॉर्मल ७० ते १२०' आणि ६३ च्या पुढे खाली तोंड केलेला काळा बाण. त्या बाणानं घरात सुतक आणलं.

"काय निघालं?" आईनं विचारलं.

"जस्त कमी आहे."

"जास्त कमी?"

"जास्त नाही गं, जस्त!"

"तेच विचारतेय, जास्त कमी का थोडं कमी?"

मेहुण्यानं भोपळ्याच्या बिया आणल्या. शेजारचे काका म्हणाले, "पत्र्याच्या बादलीतलं पाणी पी की, फुकटात हाय!" मी गोळ्यांची बाटलीच घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी बाणाकडे बघितलंसुद्धा नाही. "किती वाजता गेला होता? खाऊन? ताप होता?" तिन्ही उत्तरांना त्यांचा चेहरा उतरत गेला. जेवल्यावर रक्तातलं झिंक उतरतं, दुपारी सकाळपेक्षा कमीच भरतं आणि ताप आला की ते रक्तातून उठून यकृतात जाऊन बसतं. पुरुषाला सकाळी उपाशीपोटी ७४ च्या खाली कमी म्हणायचं, दुपारी ६१ च्या खाली. म्हणजे भर दुपारी, तापात, भडंग खाऊनही मी पास होतो! त्यात शरीरातल्या जस्तापैकी हजारातला एखादाच भाग रक्तद्रवात असतो. मार्केट यार्डातल्या गोदामात हळद किती, हे उंबऱ्यावर सांडलेल्या हळदीवरून सांगायचं, तसला प्रकार.

"आणि या गोळ्या ठेवा. महिनोन्‌महिने उगाच खाल्ल्या तर तांबं कमी होईल, मग त्याची तपासणी."

काकांकडे तांब्याचा हंडाही आहे, हे आठवून मी गप्प बसलो.

पंधरा दिवसांनी सकाळी आठला, उपाशी, ठणठणीत गेलो. ८१! आईनं देवापुढं साखर ठेवली. उशीवर केस होतेच. वर भिंतीवर वडिलांचा फोटो, त्याच्यावर आजोबांचा. दोघांची डोकी सारखीच चकाकत होती. ते बघायला उपाशीपोटी जायची अट नव्हती.